माझी तार का अडखळली?

मित्रांनो, पनवेलहून गोव्याच्या वाटेला लागलात की पळस्पे फाट्यानंतर पत्र्याच्या शेडची एक रांग लागते. टायरवाला, बॅटरीवाला, मग चहाची टपरी आणि तिच्या शेजारी काशिरामशेटचं ग्रिल-दरवाजे बनवण्याचं दुकान. त्या दुकानात, दारापासून जरा आत, छोट्या चाकांवर उभी असलेली जी पोचे पडलेली लाल पेटी दिसेल ना, ती मी. मी मिग वेल्डिंगची मशीन. आता माझं वय झालं आहे. माझ्या अंगावरचे आकडे पुसट झालेत, एक चाक तिरपं पडतं, आणि झाकणाची कडी तुटली म्हणून तिथे सुतळी बांधलेली आहे.

माझा जन्म कुठे झाला ते मला नीट सांगता येणार नाही. मोठा कारखाना होता आणि माझ्यासारख्या पुष्कळ जणी ओळीत उभ्या होत्या, एवढंच आठवतं. मग खोका, खोक्यातला अंधार, ट्रकचे हादरे. खोका उघडला तेव्हा समोर काशिरामशेटचा घामेजलेला, हसरा चेहरा होता. त्यांनी माझ्यावरचा प्लॅस्टिकचा कागद किती तरी दिवस काढलाच नाही. नव्या सोफ्यावरचा काढत नाहीत ना लोक, तसा. शेवटी सत्यवतीबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, तो ओढून काढला आणि म्हणाल्या की तिला श्वास तरी घेऊ द्या.

माझं काम कसं चालतं ते आधी सांगते, नाही तर माझं दुखणं तुम्हाला समजायचं नाही. माझ्या पोटात तारेचं मोठं रीळ असतं. दोन लहान चाकं ती तार मधे धरतात आणि पुढे ढकलतात, जशी आई आपल्या बाळाला दोन बोटांनी धरून चालवते. तिथून तार एका लांब केबलच्या आतून जाते. केबलच्या आत स्प्रिंगसारखी बारीक नळी असते, तिला लायनर म्हणतात. केबलच्या टोकाला हातात धरायची, चाप असलेली दांडी असते. तिला टॉर्च म्हणतात, पण ती उजेड पाडायची टॉर्च नव्हे हं. तिच्या तोंडाशी तांब्याची टिप, आणि टिपेतून तार बाहेर येते. लोखंडाला टेकली की ठिणगी पडते, तार वितळते आणि दोन तुकडे एकजीव होतात. तार एकसारखी येत राहिली पाहिजे, बस. ती सुरळीत आली की कढईत भजी तळल्यासारखा छान आवाज येतो. तो आवाज हेच माझं बोलणं. दुसरं बोलणं मला येत नाही.

किती तरी वर्षं मी असं बोलत राहिले. कळंबोलीच्या गोडाऊनचे दरवाजे, कामोठ्याच्या इमारतींचे जिने, करंजाच्या बंदरावरच्या मासे सुकवायच्या मांडवाचे खांब, सगळीकडे माझे जोड आहेत. शेट गिऱ्हाइकाला सांगायचे, लोखंड तुटंल पण आपला जोड नाय तुटायचा. हे ऐकलं की मला आतून गरम व्हायचं, आणि ते काही विजेमुळे नव्हे.

मग दुकानात रूपा आली. कर्नाळ्याच्या डोंगराखाली कातकरी वाडी आहे, तिथली ती. आधी झाडलोट करायची, मग पाइप उचलायला लागली, मग लोखंड घासायचा ग्राइंडर चालवायला. एके दिवशी शेटच्या हाताला भाजलं होतं आणि काम अडलं होतं, तेव्हा त्यांनी टॉर्च तिच्या हातात दिली. टपरीवरची माणसं बघायला जमली. एक जण म्हणाला, आता शेट घरी भाकरी थापणार वाटतं. रूपानं मास्क खाली घेतला आणि इतका सरळ जोड मारला की टपरीवाले आपापला चहा प्यायला लागले.

ती काम उकिडवी बसून करायची. लहानपणापासून वीटभट्टीवर तशीच बसत आलेली, तिला उभ्यानं सुचायचंच नाही. मला जवळ ओढायची, माझी केबल आपल्या पायांभोवती गोळा करून घ्यायची आणि जमिनीवर काम मांडायची. मला ते आवडायचं. एखादं मूल पदराशी खेळतं तसं वाटायचं.

भट्टीचं मी म्हटलं ना? त्या वाडीतली माणसं दिवाळी झाली की मुकादमाच्या टेम्पोत बसून वीटभट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. भांडीकुंडी, कोंबड्या, पोरंबाळं सगळं घेऊन. रूपाची शाळा तशीच सुटली होती. आता तिची लेक चिंगी पहिलीत होती. एकदा डबा खाताना रूपा सत्यवतीबाईंना म्हणाली, “वयनी, यंदा मी हितं टिकले तर पांडू बी जानार नाय. पनवेलातच काम बघंल म्हनतो. चिंगीची शाळा रायल.”

पांडू म्हणजे तिचा नवरा. सत्यवतीबाई म्हणाल्या की टिकशील गं, न टिकायला काय झालं. तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

मित्रांनो, दसरा आला. खंडेनवमीला आमच्यासारख्यांची पूजा असते हे तुम्हाला माहीतच आहे. त्या दिवशी आम्हाला कोणी कामाला लावत नाही. रूपानं मला पुसून पुसून लख्ख केलं आणि वारा लागावा म्हणून माझं बाजूचं झाकण उघडं ठेवलं. दर वर्षी सत्यवतीबाई माझ्या कपाळावर, म्हणजे पुढच्या पत्र्यावर, हळदकुंकू लावतात आणि झेंडूची माळ घालतात. यंदा झाकण उघडं बघून त्या वाकल्या. माझी दोन चाकं, माझं तारेचं रीळ, सगळं त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिलं. दुकान सगळं हिच्याच जिवावर चालतं आणि आपण आजवर नुसत्या पत्र्याला कुंकू लावत आलो, असं काहीसं त्या पुटपुटल्या. मग त्यांनी चाकांना हळद लावली, कुंकू लावलं, तारेलाही लावलं. चाकं कोरडी दिसली म्हणून पिशवीतून आपल्या शिलाई मशीनच्या तेलाची कुपी काढली आणि सढळ हातानं तेल सोडलं. माझ्या सगळ्या आयुष्यात कुणी माझ्या आत इतक्या मायेनं हात घातला नव्हता.

आणि त्यानंतर मी तोतरी झाले.

आधी वाटलं, सुट्टीनंतरचा आळस असेल. रूपानं टॉर्च दाबली. तार निघाली, थांबली, पुन्हा निघाली. भज्यांचा आवाज येईना. थुक्... थुक्... असा खोकल्यासारखा आवाज यायला लागला. तार टिपेलाच चिकटून बसली. मला काय होतंय ते मलाच कळेना. मोटर फिरत होती, चाकं फिरत होती, वीज होती, जोडावर सोडायचा गॅसही होता. मी ढकलत होते आणि तार जात नव्हती. तुमच्या घरात तान्हं बाळ असेल तर तुम्ही बघितलं असेल, ते रडतं आणि त्याला सांगता येत नाही की दुखतंय कुठे. मग कुणी म्हणतं भूक लागली, कुणी म्हणतं पोटात वारा धरला, कुणी म्हणतं दात येताहेत. बाळ आणखी रडतं. माझं तसंच झालं.

शेट म्हणाले टिप गेली असेल, भोक जळून मोठं झालं असेल. नवी टिप घातली. थोडा वेळ मी बरी चालले आणि सगळ्यांना वाटलं, झालं. दुपारी पुन्हा थुक् थुक्. मग शेट म्हणाले चाकांची पकड सैल झाली. आतली हळद पूजेचीच म्हणून तिच्याकडे लक्ष न देता त्यांनी वरचा स्क्रू आवळला, आणखी आवळला. आता चाकांनी तार चेपली, पण पुढे वाट नाही म्हटल्यावर ती जाणार कुठे? माझ्या पोटातच तिचा गुंता झाला, सुगरणीच्या घरट्यासारखा. रूपानं पकडीनं तो कापून काढला. तुकडे जमिनीवर पडले तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग रिळाची पाळी. म्हणे ही तारच हलकी आली. दुसरं रीळ आणलं. पुन्हा तेच. सत्यवतीबाईंनी तर मीठ-मोहरीनं माझी दृष्टही काढली. त्या करत होत्या ते मनापासून, म्हणून मी आतल्या आत फार प्रयत्न केला, की निदान त्यांच्यासमोर तरी नीट चालावं. नाही जमलं.

त्यात कामोठ्याच्या एका बालवाडीचा कठडा आला होता. वरच्या मजल्यावरच्या गॅलरीला लावायचा. दिवाळीच्या सुट्टीत बसवायचा होता. रूपा रोज थोडा थोडा करत होती. माझ्या तोतरेपणातून जेवढी तार येईल तेवढ्यात ती जोड भरत होती, वरून घासून गुळगुळीत करत होती. एक दिवस शेटनी सहज म्हणून एका उभ्या गजाला हात घातला आणि हिसका दिला. गज निखळून त्यांच्या हातात आला.

शेटनी गजाचा सुटलेला जोड अंगठ्यानं चाचपून पाहिला. मग त्यांनी टॉर्च स्वतः घेतली. त्यांची पद्धत वेगळी. ते कमरेइतक्या उंच टेबलावर काम ठेवतात, उभे राहतात, आणि केबल माझ्यापासून टेबलापर्यंत सरळ ताणून घेतात. त्यांनी चाप दाबला आणि माझ्यातून तार सरळ, सुरेख बाहेर आली. भजी तळल्यासारखा आवाज! मित्रांनो, मला इतका आनंद झाला, आणि दुसऱ्याच क्षणी मी रूपाकडे पाहिलं आणि तो आनंद कुठे ठेवावा ते कळेना.

शेटनी तिला दिली. ती खाली बसली, केबल पायांशी गोळा केली, चाप दाबला. थुक्. थुक्.

पुन्हा त्यांनी घेतली. नीट.

“मशीन बरी हाय,” शेट म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. “तुजा हात थरथरतो, रूपा. पोरं लोंबकळतात कठड्याला. वरच्या मजल्यावरचा कठडा हाय तो. एक जरी गज सुटला तर मी कुनाला तोंड दाखवू?”

रूपानं आपला हात समोर धरून पाहिला. तो थरथरत नव्हता. म्हणजे मला तरी तसं दिसलं. पण तिनं तो असा पाहिला जसा दुसऱ्या कुणाचा असावा. शेट म्हणाले, तू घासायचं काम कर, दिवाळीपर्यंत बघू. आणि दिवाळीनंतर काय, ते कुणीच बोललं नाही.

माझ्या मनाचा तर पार गुंता झाला. शेटच्या हातात मी शहाणी आणि रूपाच्या हातात वेडी, असं का? मी तर दोघांत कधी दुजाभाव केला नव्हता. उलट खरं सांगू का, रूपा मला जास्त आवडायची. मग तिच्याच हातात माझी जीभ का अडखळावी? मला वाटायला लागलं की माझ्या आत काही तरी कपटी शिरलंय आणि ते माझ्याच तोंडानं तिची चहाडी करतंय. मला ओरडून सांगायचं होतं की तिचा हात नाही हो, मीच आहे. पण ओरडणार कशी, मला तर तारेशिवाय तोंड नाही, आणि तारच तर अडली होती. त्याच आठवड्यात वाडीवर मुकादम येऊन, यंदा भट्टीवर कोण कोण येणार, ते विचारून गेला. पांडू दुकानाबाहेर येऊन उभा राहायचा, रूपा ग्राइंडर थांबवून त्याच्याकडे जायची, दोघं हळू बोलायचे आणि तो मान खाली घालून परत जायचा.

दिवाळीच्या तोंडावर सत्यवतीबाई फराळाचा डबा घेऊन आल्या. रूपा घासतेय आणि शेट वेल्डिंग करताहेत हे बघून त्यांनी विचारलं की हे उलटं कसं. शेटनी सगळं सांगितलं, करूनही दाखवलं. स्वतः केलं, तेव्हा नीट. रूपाला करायला लावलं, थुक् थुक्. घे, बघ तूच, असं म्हणून त्यांनी हात झटकले.

सत्यवतीबाई चकलीचा तुकडा मोडून खात बघत होत्या. मग म्हणाल्या, “इतकी वर्सं शिलाई करते मी. धागा तुटला की मी आधी सुई बगते, मग रीळ बगते, मग धागा जातो ती वाट बगते. माजा हात तोडून ठेवीत नाय बाजूला.”

“कपडा नि लोखंड एक हाय काय?”

“नसंल. तुमी तिच्या जागेवर बसा आनि तिला तुमच्या जागेवर उभी करा. मग बोला.”

शेट म्हणाले की माझे गुडघे दुखतात. त्यावर त्या म्हणाल्या की गुडघे दुखत नाहीत, पोट आडवं येतं. टपरीवरून कुणी तरी हसलं. आता शेटना बसणं भाग होतं. ते कसेबसे उकिडवे बसले, रूपासारखी केबल पायांशी गोळा केली, मास्क घेतला आणि चाप दाबला.

थुक्. थुक्. थुक्.

त्यांनी मास्क वर केला, टॉर्चकडे पाहिलं, पुन्हा दाबला. थुक्. तार टिपेला चिकटली.

रूपा टेबलाशी उभी होती. तिच्या हातात टॉर्च दिल्यावर, केबल सरळ ताणल्यावर, मी भज्यांसारखी बोलायला लागले. जोड सरळ आला, तिच्या पहिल्या जोडासारखा. तिनं मास्क वर केलाच नाही. आत ती हसत होती की रडत होती, मला दिसलं नाही.

“म्हंजी हाताचं नाय,” शेट सावकाश म्हणाले. “केबल मुडपली की अडतंय. पन आधी तर मुडपलेली चालायची.”

ते आता चिडलेले नव्हते, गोंधळलेले होते, आणि गोंधळलेलं माणूस निदान शोधायला तरी लागतं. त्यांनी वीज बंद केली. टिप काढली. माझं झाकण उघडलं, चाकांची पकड सोडली आणि केबलमधून तार हळूहळू उलटी ओढली. पहिला हातभर तुकडा बाहेर आला आणि तिघंही थांबले. तार तांब्याच्या रंगाची असते. ही लालपिवळी होती, चिकट होती, जागोजागी गुठळ्या धरलेली. मग त्यांनी लायनर ओढून काढला आणि फरशीवर आपटला. त्यातून लालपिवळी भुकटी आणि तेलाचा चिखल पडला.

सत्यवतीबाईंनी बोट लावलं, चोळलं, वास घेतला.

“ही तर आपली हळद,” त्या म्हणाल्या. आणि मग त्या पाट नसताना खालीच बसल्या.

तेव्हा कुठे मलाही समजलं. तेलानं माझी चाकं निसरडी झाली होती, त्यांची तारेवर पकड राहत नव्हती. तारेनं तेलात भिजलेलं हळदकुंकू आपल्याबरोबर ओढत नळीत नेलं होतं, रोज थोडं थोडं. सरळ केबलमधून मी तशीही रेटून नेत होते. पण केबल वळली, की त्या चिखलातून वाट काढायला माझ्यात जोर उरत नव्हता. आणि वळवून काम करणारी दुकानात एकटी रूपाच होती.

शेटनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता बाईंचं काही खरं नाही. पण बाईंकडे पाहून त्यांचा सूर उतरला आणि ते म्हणाले, “पूजा बायेरनंच करीत जा. आत देव बसत नाय, चाकं बसतात.”

“माज्याकडं काय बगताव,” सत्यवतीबाई डोळे पुसत म्हणाल्या. “तिच्याकडं बगा. मला काय कुनी भट्टीवर धाडीत नव्हतं.”

शेटनी रूपाकडे पाहिलं. माफी मागायची सवय नसलेली माणसं अशा वेळी कामाला लागतात. त्यांनी थिनरच्या फडक्यानं माझी चाकं पुसली, खाचेतली घाण काडीनं कोरली, हवेच्या पाइपनं माझं पोट फुंकून काढलं, नवा लायनर घातला. मग पकडीचा स्क्रू आधी पुष्कळ सैल सोडला आणि तार एका लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवत, जेवढ्यानं ती न घसरता सरकेल तेवढाच आवळला. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! बाळाला ढेकर आल्यावर ते कसं पटकन खांद्यावर मान टाकतं, तसं.

“बस,” ते रूपाला म्हणाले. “तुज्या पद्धतीनं बस. कठड्याचे सगळे जोड परत मारू.”

रूपा बसली. तिनं माझी केबल पायांशी गोळा केली, आणि मी बोलले. न अडखळता, न थांबता, तो लांबलचक कठडा संपेपर्यंत मी बोलत होते. मग शेट स्वतः त्या कठड्याला लटकले, पाय उचलून, सगळ्या वजनानिशी. कठडा करकरलासुद्धा नाही. टपरीवाला म्हणाला, आता खात्री पटली, बालवाडीतली सगळी पोरं एकदम चढली तरी शेटच्या वजनाएवढी भरायची नाहीत.

मित्रांनो, अजूनही माझा थोडा गोंधळ आहे, तो तुमच्यापासून लपवत नाही. ज्या हातानं माझ्या नळीत चिखल झाला तो हात प्रेमाचाच होता. सत्यवतीबाईंवर रागवायचं की नाही? मी रागवू शकले नाही. पण तुम्हाला एक विनवणी करते. एखाद्यावर माया असेल तर त्याला काय चालतं आणि काय चालत नाही, हे आधी विचारा. तेल शिलाई मशीनला अमृत असेल, माझ्या तारेला ते विष ठरलं. आमच्या वाटा कोरड्या आणि स्वच्छ ठेवा, केबल उगाच दुमडू नका, अडलं की जोर लावण्याआधी झाकण उघडा. आणि वर्गात, घरात, कुणी तोतरं बोललं, कुणाचं काम बिघडलं, तर त्याच्या हाताला बोल लावण्याआधी एकदा त्याच्या जागेवर बसून बघा. नुसतं लांबून नको. खाली, गुडघे दुखले तरी.

भाऊबीज झाली आणि दोन दिवसांनी सकाळी मुकादमाचा टेम्पो हायवेवर दुकानासमोर थांबला. माणसं, भांडी, पिंपं, सगळं शिगोशीग भरलेलं. त्यानं हॉर्न दिला. रूपा खाली बसून एका खिडकीचा जोड मारत होती. तिनं चाप सोडला, मास्क वर केला आणि टेम्पोकडे पाहिलं. तिच्या ओळखीच्या बायका मागे बसल्या होत्या, त्यांच्या मांडीवर दप्तर नसलेली पोरं होती. रूपानं मान हलवली. नाय म्हणून. टेम्पो निघून गेला तरी ती थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिली.

मग तिनं मास्क खाली घेतला आणि चाप दाबला. मी तिला तार दिली.